रेघेची जाडी

आमच्या कर कार्यालयात दरवर्षी प्रत्येक वॉर्डातल्या सर्वांत जास्त कर भरणाऱ्या माणसाचा सत्कार होतो. टेकडीच्या वॉर्डाची यादी करायची पद्धत ठरलेली होती. हेडक्लार्क चहा संपवायचे, खिडकीशी जायचे, समोरच्या टेकडीकडे बघायचे आणि बंगल्यांची गेटं मोजायचे. ज्याची गेटं जास्त, तो पहिला. तीन गेटवाले साहेब अकरा वर्षं पहिले येत होते आणि अकरा वर्षांत या पद्धतीबद्दल एकही तक्रार आली नव्हती. सरकारी कामात इतकी स्वच्छ पद्धत मी दुसरी बघितलेली नाही.

गेल्या वर्षी हेडक्लार्कच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ज्या डोळ्याने ते टेकडी बघायचे त्याच डोळ्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्याला फक्त जवळचं दिसायचं, म्हणजे डबा आणि हजेरीपट.

“पदवीधर,” ते मला म्हणाले. कार्यालयात पदवीधर तिघे आहेत, पण कंत्राटी मी एकटाच, म्हणून चिडवायला मी. “यंदा टेकडीचं तू बघ.”

“कसं बघायचं साहेब?”

“डोळे आहेत ना तुला?”

डोळे होते. चूक इथेच झाली. मी खिडकीतून बघायच्या ऐवजी कॉम्प्युटरमध्ये बघितलं.

मला कुणी अडवलंही नाही. पासवर्ड हेडक्लार्कच्या टेबलाच्या काचेखाली होता, मागच्या साहेबांच्या निरोपसमारंभाच्या फोटोशेजारी. टेकडीवर नऊ बंगले आहेत. नऊच्या नऊ तोट्यात होते. एका बंगल्यातले गृहस्थ बायकोने दिलेल्या कर्जावर जगत होते आणि बायको त्यांनी दिलेल्या कर्जावर. दुसऱ्या एकांना सलग सात वर्षं तोटा होत होता आणि तो सोसता यावा म्हणून ते दरवर्षी एक नवी गाडी घेत होते. तीन गेटवाल्या साहेबांना तर उत्पन्नच नव्हतं. त्यांचा बंगला हा बंगला नव्हता, ते ‘स्थलांतरित पक्षी अभ्यास केंद्र’ होतं. गाड्या केंद्राच्या, बाग केंद्राची, पोहण्याचा तलाव पाणपक्ष्यांसाठी. साहेब तिथे फक्त पक्ष्यांवरच्या प्रेमापोटी, बिनपगारी राहत होते. वाचून मला भरून आलं.

हे केंद्र मला आतून माहीत आहे, कारण मी त्याच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायचो. तिथे पक्षी एकच, पोपट. चौदा वर्षांत त्याने एकदाच स्थलांतर केलं, तेही रंगकाम चालू होतं म्हणून गॅलरीतून जेवणघरात. माझी आत्या त्याला मिरची घालायची आणि आत येऊन सांगायची, “संशोधन जेवलं.”

नऊ बंगल्यांच्या त्या वॉर्डात कर भरणारं माणूस एकच निघालं. वर्षाला चार हजार तीनशे बारा. पगार हातात पडायच्या आधीच कापलेले. हुद्दा: स्वयंपाकीण, पक्षी अभ्यास केंद्र.

म्हणजे आत्या.

आई-बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आत्याने मला त्या खोलीत आणलं. खोली दहा बाय अकरा. एक खिडकी, तीही कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून. दार स्वयंपाकघरात उघडायचं, बाहेर जायचं तर शेगडीला वळसा घालून जावं लागायचं. मधोमध फडकी वाळत घालायची दोरी, तिच्याखालून वाकून चालायची इतकी सवय की मी अजूनही मोकळ्या जागेत वाकतो. गेल्या वर्षी आत्याला निवृत्त व्हायला दोन वर्षं उरली होती. मालकांनी (म्हणजे तीन गेटवाल्या साहेबांनी, घरात त्यांना सगळे मालक म्हणायचे) तिला शब्द दिला होता, “बाई, खोली मरेपर्यंत तुमची.” कागदावर काही नव्हतं. आत्याने त्या एका वाक्यावर सव्वीस वर्षं रांधलं.

हे सगळं माहीत असताना मी गप्प बसायला हवं होतं. पण मला अभिमान वाटला. नोकरीत आधी अभिमान वाटतो, मग बाकीचं होतं. मी आत्याचं नाव पहिल्या रकान्यात टाकलं आणि यादी वर पाठवली. यादीवर चार सह्या लागतात. त्या चारही झाल्या. चौथ्या साहेबांनी तर फोनवर बोलता बोलता यादीखालच्या वर्तमानपत्रावरही सही केली.

आठवड्याने पत्र आलं. आत्याने ओले हात पुसले, पत्र वाचलं, मग उलटं करून मागची कोरी बाजूही वाचली.

“हे काय रे?”

“सत्कार आहे तुझा. टेकडीवर सगळ्यात जास्त कर तू भरतेस.”

“आणि मालक?”

“शून्य.”

तिने शेगडी बारीक केली. “दर महिन्याला पगार देताना म्हणतात, बाई, सरकार फार कापतं हो. मी म्हणायचे, जाऊ द्या मालक, तुमचं तर किती कापत असेल. मीच त्यांची समजूत घालायचे रे!”

“म्हणून तर—”

“गाढवा, माझं नाव घालताना हात थरथरला नाही तुझा?”

“खरं होतं ते, आत्या.”

“खरं होतं म्हणून लिहिलंस? आणि तुला शिकवायला मी भांडी घासली?” तिने पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “आता त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबणार. खोली जाईल माझी. दोन वर्षं राहिली होती फक्त. दोन वर्षं तुला खोटं बोलता आलं नसतं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी आम्हा दोघांना जेवणघरात बोलावलं. ते रागावले नव्हते. रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते दुखावले होते.

“बाई, अभिनंदन,” ते म्हणाले. “मला सत्काराची हाव नाही. पण लोक विचारतील ना, साहेब यंदा का नाहीत? आजारी आहेत का? धंदा बसला का? बाजारात अशा गोष्टी पसरायला वेळ लागत नाही.”

“त्यांना सांगा, पक्ष्यांमुळे सवड झाली नाही,” आत्या म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा होता का, हे मालकांना कळलं नाही. मला कळलं.

मालकांच्या शेजारी त्यांचे कर सल्लागार बसले होते. बारीक माणूस. बोलताना प्रत्येक शब्दाची किंमत आकारत असल्यासारखा थांबायचा. “कायद्याने साहेब एक दमडीही देणं लागत नाहीत,” ते म्हणाले. “सगळं नियमात आहे.”

“मग मी का लागते?” आत्याने विचारलं.

“कारण तुम्हाला सल्लागार नाही.”

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की आत्याने मान डोलावली, डॉक्टरने गुडघ्याची झीज समजावून सांगितल्यावर डोलवावी तशी.

मग सल्लागारांनी वॉर्डांचा नकाशा टेबलावर पसरला. टेकडीचा वॉर्ड आणि खालचा वॉर्ड यांच्यामधली हद्द पन्नास वर्षांपूर्वी कुणी सुताराच्या जाड पेन्सिलीने आखली होती. दिवसभराचं काम असणार, टोक बोथट झालेलं. सल्लागारांनी ती रेघ भिंगाखाली मोजून आणली होती. नकाशावर ती तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढीही नव्हती. जमिनीवर तिची जाडी चौदा फूट भरत होती.

“तुमची खोली,” ते म्हणाले, “रेघेत आहे.”

“रेघेच्या अलीकडे की पलीकडे?” मी विचारलं.

“रेघेत. आतमध्ये. भिंती धरून पूर्ण मावते.”

“मग वॉर्ड कुठला?”

“कुणी विचारेपर्यंत कुठलाच नव्हता. आता तुम्ही विचारलंत.” त्यांनी माझ्यासमोर एक टाइप केलेला कागद सरकवला. यादी करणाऱ्याने लिहून द्यायचं होतं, की सदर करदात्या नजरचुकीने टेकडीच्या वॉर्डात दाखवल्या गेल्या असून त्या खालच्या वॉर्डातल्या आहेत.

“आणि खोली?” आत्याने थेट मालकांना विचारलं.

मालकांनी छातीवर हात ठेवला. “बाई, खोलीला मी हात लावणार नाही. शब्द आहे माझा.”

मी आत्याकडे बघितलं. ती म्हणाली, “कर सही. एकदा खरं लिहून हौस फिटली ना?”

मी ‘नजरचुकीने’ या शब्दाखाली सही केली. नजर माझीच होती, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. त्या दिवसापासून आत्या रोज सकाळी खालच्या वॉर्डात उठायची आणि उंबरठा ओलांडून टेकडीच्या वॉर्डात चहा ठेवायची. खालच्या वॉर्डाच्या यादीत तिचा नंबर दोन हजार एकशे चाळिसावा लागला. दवाखान्यातल्या सगळ्या नर्सा, दोन न्हावी आणि एक बसचालक तिच्या पुढे होते.

टेकडीवर आता नऊ शून्यं उरली. हेडक्लार्क एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिले. “शून्याचा सत्कार कसा करायचा रे? खिडकीतून बघितलं असतंस तर हा घोळ झाला असता का?”

“नाही, साहेब.”

“आकडे जमा करायचे असतात. बघायचे नसतात.”

तोडगा सल्लागारांनीच फोनवर सांगितला. नऊ जण बरोबरीत आहेत, तर नवांना संयुक्त प्रथम क्रमांक द्यावा. एकाच्या जागी नऊ मानचिन्हं तयार झाली. मानचिन्हावर सोनेरी हात आणि हातात नाणं होतं. हात देतोय की घेतोय ते स्पष्ट नव्हतं.

सत्कार मालकांच्या हिरवळीवर झाला. हिरवळीचं भाडं सरकारने पक्षी अभ्यास केंद्राला दिलं. मांडव, तीनशे फूट लांब लाल पायघडी, पाण्याचे तुषार उडवणारे पंखे, वरून फोटो काढणारं यंत्र. हे सगळं कुठल्या निधीतून आलं ते मला माहीत होतं, कारण कागद मीच टाइप केला होता. खालच्या वॉर्डातल्या दवाखान्याच्या छपरासाठी काही रक्कम होती, तिला ‘करदाता जागृती’कडे वळवलं होतं. त्या दवाखान्यात आत्या गुडघ्यासाठी जाते. पावसात रुग्णच आपली खुर्ची कोरड्या जागी सरकवून बसतात, डॉक्टर त्यांच्यामागे फिरतात.

तीनशे माणसांचं खाणं आत्याने एकटीने केलं. मी पाण्याचे ग्लास नेत होतो. मंत्री बोलायला उभे राहिले. “कर भरणं म्हणजे त्याग,” ते म्हणाले. “आज माझ्यासमोर नऊ त्यागमूर्ती बसल्या आहेत.” नवांनी माना खाली घातल्या. एकाचे डोळे खरंच भरून आले, आणि मला त्याच्याबद्दल शंका नाही. माणसाला स्वतःबद्दल काहीही पटतं, फक्त माइक चांगला लागतो.

मग मंत्री विषयाबाहेर गेले. येताना त्यांच्या ताफ्याला टेकडीची गल्ली अरुंद पडली होती. गाड्या एकमेकींत अडकल्या, शेवटची उलटी घेताना मालकांच्या तिसऱ्या गेटला घासली. “ज्यांनी देशासाठी इतकं दिलं,” मंत्री म्हणाले, “त्यांना साधा रस्ता नसावा? मी इथेच नवा रस्ता जाहीर करतो!” टाळ्या पडल्या. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि आयजी आत भांडी घासत होती.

रस्ता करायला सरकारी जमीन लागते. टेकडीवरची सगळी जमीन बंगल्यांची, म्हणजे वेगवेगळ्या तोट्यांची होती. सरकारच्या मालकीची वस्तू एकच सापडली. हद्दीची रेघ. ती चौदा फूट रुंद असल्याचा मोजणीसकट पुरावा फाइलमध्ये तयारच होता, खाली माझी सही.

नोटीस आली ती आत्याच्या हातात नाही, दाराला चिकटवलेली. खोली खालच्या वॉर्डात, पण तिचं दार टेकडीच्या वॉर्डात उघडतं. ज्या घराला स्वतःच्या वॉर्डात दार नाही ते नियमाप्रमाणे घर ठरत नाही. सात दिवसांत रिकामं करावं.

मी मालकांकडे धावत गेलो. ते पोपटाच्या पिंजऱ्यासमोर उभे होते.

“साहेब, तुम्ही शब्द दिला होता.”

“दिला होता ना. मी हात लावला का?” त्यांनी दोन्ही हात पुढे करून मला दाखवले. स्वच्छ हात होते. “सरकारपुढे आपलं कुणाचं चालतं? मलासुद्धा वाईट वाटतंय. बाईंनी इतकी वर्षं...” त्यांनी पोपटाला एक मिरची घातली.

“नुकसानभरपाई तरी?”

“येणार आहे,” मागून सल्लागार म्हणाले. “बांधकामाच्या मालकाला. म्हणजे केंद्राला. पक्ष्यांच्या कामी येईल, त्यावर करही नाही.”

“आणि आत्याला?”

“भाऊ, कर भरल्याने मालकी मिळत नाही. मिळत असती तर कुणीही भरला असता.”

पाडकामाला चाळीस मिनिटं लागली. आत्याने आधीच एक पत्र्याची पेटी, दोन पातेली, घड्याळ आणि दोरी बाहेर काढून ठेवली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती, हातात उलथनं, कारण आत मालकांचा नाश्ता व्हायचा होता. दाराशेजारच्या भिंतीवर माझी उंची मोजलेल्या रेघा होत्या, सहाव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत. त्याही पेन्सिलीच्याच. पण त्या बारीक होत्या, त्यामुळे त्यांच्यातून कुणाला रस्ता नेता येण्यासारखा नव्हता. भिंत पडली तेव्हा आत्या “जपून” असं म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. यंत्र चालवणाऱ्याने उगीचच “हो मावशी” म्हटलं.

आम्ही खाली एक खोली भाड्याने घेतली. आत्या आता दोन बस बदलून टेकडीवर येते. मी म्हटलं, सोड ते काम. ती म्हणाली, “दोन वर्षं पुरी केली नाहीत तर निवृत्तीचंही जाईल. तुझ्या खऱ्यावर पोट भरत नाही माझं.” ती माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. डबा घे. छत्री ने. जेवताना मला वाढून ती पाठ करून बसायची.

रस्ता झाला. त्याच्या तोंडाशी, जिथे आमची खोली होती बरोबर तिथे, लोखंडी पाटी लागली. ‘हा रस्ता टेकडी वॉर्डातील करदात्यांच्या पैशांतून बांधण्यात आला आहे. शासन त्यांचे ऋणी आहे.’ पाटीचं बिल माझ्या टेबलावर आलं. चार हजार तीनशे. रस्त्याचा खर्च दवाखान्याच्या उरल्यासुरल्या छपरातून केला होता, पण पाटी मात्र नियमाप्रमाणे खरोखर टेकडी वॉर्डाच्या जमा करातून. त्या वर्षी त्या वॉर्डाची जमा होती चार हजार तीनशे बारा. मी यादी दुरुस्त केली होती, पण वर्षाचा हिशोब आधीच बंद झाला होता. तो दुरुस्त करायची कुणाला गरज वाटली नव्हती.

त्या संध्याकाळी मी आत्याला सांगितलं. बऱ्याच दिवसांनी ती माझ्याकडे तोंड करून बसली.

“म्हणजे पाटी माझी?”

“पाटी तुझी.”

“नक्की? पुन्हा नजरचूक नाही ना?”

“पावती बघितली मी.”

“आणि वरचे बारा?”

“ते शिल्लक दिसतात.”

“असू देत,” ती म्हणाली. “सरकारला अडीअडचणीला लागतील.” आणि ती हसली. तो आवाज मला आवडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने स्वयंपाकघरातली ओली फडकी त्या पाटीवर वाळत घालायला सुरुवात केली. आमची दोरी जिथे होती तिथेच पाटी आहे, एक हातभरही इकडेतिकडे नाही. मालकांनी दोनदा निरोप पाठवला. ती म्हणाली, “घराला हात लावू नये ना कुणी? मी कुठे लावते? मी तर बाहेर वाळत घालते.” मग रस्ते खात्याकडून पत्र आलं, सार्वजनिक मालमत्तेच्या खाजगी वापराबद्दल दंडाचं. दंड तिने पगारातून भरला आणि फडकी तिथेच घातली. पुढच्या महिन्यातही दंड भरला. आता ते कापून घेतात, पगार हातात यायच्या आधीच.

यंदा पुन्हा यादीचे दिवस आले. हेडक्लार्कचा डोळा बरा झालाय, पण त्यांनी यादी माझ्याकडेच सरकवली. “कंत्राट पुढच्या आठवड्यात संपतंय ना तुझं?” ते म्हणाले. “नूतनीकरणाचा कागद माझ्याकडेच येतो. टेकडीचं बघ जरा. नीट बघ.”

भाड्याची खोली माझ्या पगारावर आहे.

मी चहा संपवला. खिडकीशी गेलो. गेटं मोजली. मालकांची आता चार झालीत, चौथं नव्या रस्त्यावर उघडतं. त्या गेटासमोर पाटी आहे आणि पाटीवर पिवळं फडकं होतं. वारा होता. फडकं हललं की खालची दोन अक्षरं दिसायची, मग पुन्हा झाकली जायची. इतक्या लांबून ती वाचता येत नाहीत. मला पाठ आहेत. ‘ऋणी’.

मी परत टेबलाशी आलो आणि पहिल्या रकान्यात मालकांचं नाव लिहिलं. तासाभरात चारही सह्या झाल्या.